रुमाल दिसल्याशिवाय घंटी नाही

प्रिय ताई,

आठवतं तुला, शाळेच्या दिवसांत सकाळी आपण दोघी ओट्यावर तांग्याची वाट बघत बसायचो? तू वरच्या पायरीवर, मी खालच्या. तुझा अधू डावा पाय कॅलिपरच्या बुटात अडकवून झालेला असायचा आणि दातांत सेफ्टीपिन धरून तू माझ्या पिनोफोरवर रुमाल टाचत असायचीस. कॉन्व्हेंटच्या सिस्टरना रुमालाशिवाय आलेली मुलगी चालत नसे. "हलू नकोस विजे, टोचेल," तू पिन दातांत धरूनच म्हणायचीस. मी हलायचेच. मग टोचायचंच. मी ओरडले की तू शांतपणे म्हणायचीस, "पिनेचं काही चुकलं नाही हं."

मग चाचांचा तांगा यायचा. चाचा घोडा मागे सारत सारत तांगा उलटा आपल्या ओट्याला लावायचे. ओटा आणि तांग्याची बैठक एका उंचीची होती, तू फक्त सरकायचीस. ना चढणं, ना उचलणं. आता वर्तमानपत्रात येतं, शहरात दिव्यांगांसाठी फळीची बस आली म्हणून. मी वाचते आणि चाचा आठवतात. ती फळी खाली आलेली मी तरी अजून पाहिलेली नाही.

आज तुला पत्र लिहायला बसले त्याचं कारण सांगते. तुला जाऊन सव्वा महिना झाला आणि या सव्वा महिन्यात मी एका माणसावर नको तो संशय घेतला. आज दुपारी त्या संशयाचा निकाल लागला. निकाल माझ्या विरुद्ध गेलाय, ताई. आणि त्यात तुझाही हात आहे, म्हणून तुलाच लिहिते.

पहिल्यापासून सांगते.

गेली दोन वर्षं तू दर शनिवारी सकाळी नऊला रशीदभाईंच्या रिक्षातून व्यायामाच्या दवाखान्यात जायचीस. खांद्याचा व्यायाम. कुबड्या वापरून वापरून खांदे गेले, असं तूच म्हणायचीस. परत यायला दोन-अडीच वाजायचे. "एवढा वेळ कसला व्यायाम गं?" मी विचारायचे. "नंबर लागतो," तू म्हणायचीस. आणि येताना पिशवीत मोसंबी. इतकी रसाळ मोसंबी मला गुलमंडीच्या बाजारात मिळायची नाहीत. "दवाखान्याच्या बाहेर गाडी असते," तू सांगायचीस. मी मान डोलवायचे, पण मनात यायचं, खांदे दुखणारं माणूस व्यायामाहून इतकं खुशीत कसं येतं? केसांत धूळ, डोळ्यांत चमक आणि ओठांवर शिट्टी! सत्तरीची बाई आणि शिट्टी!

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस का? मला वाटतं, बोलली असतीस.

तू गेलीस ते झोपेत. कुणालाही त्रास न देता, अगदी तुझ्या पद्धतीनं. तिसऱ्या दिवशी मी त्या दवाखान्याला फोन केला. म्हटलं, कळवावं आणि तुझी फाईल घेऊन यावं. तिकडची मुलगी म्हणाली, "कुमुदताई? त्या तर कधीच्या येत नाहीत मॅडम. दोन वर्षं झाली असतील."

दोन वर्षांचे शनिवार, ताई! तू होतीस कुठे?

त्या दिवशी मी तुझं कपाट उघडलं. तू हातानं शिवलेल्या पांढऱ्या, निळ्या काठाच्या रुमालांची थप्पी होती. पुरे डझनभर असायचे ते, मला पाठ आहे. गेम्सच्या तासाला बाकीच्या मुली मैदानावर आणि तू शिवणाच्या सिस्टरजवळ, तेव्हापासूनचा तुझा तो टाका. मी मोजले. सात. पुन्हा मोजले, सातच. पाच रुमाल गेले कुठे? मग स्वयंपाकघरात गेले तर तिथला जुना सागवानी पाट नाही. आईच्या काळचा पाट, त्याला तू कधीतरी खाली टायरचं रबर ठोकून घेतलं होतंस. "घसरतो," म्हणाली होतीस. पाटावर बसून कुणी घसरतं का? तेव्हाच मला विचारायला हवं होतं.

चौथ्या दिवशी रशीदभाई भेटायला आले. फाटकाशी उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. डोळे पुसायला खिशातून रुमाल काढला, तो पांढरा. निळ्या काठाचा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांना बाजूला सारून मी त्यांच्या रिक्षात डोकावले. मागच्या सीटखाली आपला पाट!

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पाट है, छोटी बाई."

"ते मला दिसतंय. आमच्या घरातला पाट तुमच्या रिक्षात कशाला? आणि हा रुमाल?"

"बाईने दिये थे."

"शनिवारी ताईला कुठं न्यायचात?"

रशीदभाईंनी खाली बघितलं. वीस वर्षं ज्यांच्या रिक्षातून तू शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला गेलीस-आलीस, तो माणूस खाली बघतो म्हटल्यावर मी काय समजायचं? "बाईने कसम लिये थे मेरेकू," ते पुटपुटले. "विजूकू नक्को बोलना, बोले."

माझं नाव घेऊन! म्हणजे गोष्ट माझ्यापासूनच लपवलेली. मला एकेक दिसायला लागलं. एखादा मालिश करणारा भोंदू असेल. पाय बरा करतो म्हणणारा कुणी असेल. तेलपाणी, ताईत, काय काय. आईनं तुझ्या लहानपणी असल्या किती जणांचे उंबरे झिजवले होते, आठवतं ना? म्हातारपणी तुला परत त्या नादाला या माणसानंच लावलं, अशी माझी खात्री झाली. आणि हळूहळू घरातल्या वस्तूही चालल्या, आज रुमाल, उद्या पाट.

मी म्हटलं, "रशीदभाई, पुन्हा या दारात रिक्षा लावायची नाही."

शेजारच्या बायका आल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हटलं. त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला आणि गेले. पाट मी काढून घ्यायला विसरले, त्याचाही मला नंतर राग आला.

ताई, संशय घेणं मी तुझ्याकडूनच शिकले ना? तू कुठल्याही वाहनात बसण्याआधी पायरी कुबडीनं ठोकून बघायचीस. मदतीला येणाऱ्याला तू आधी लांबूनच विचारायचीस, "तुम्ही काय धरणार?" लोक किती प्रेमानं पुढे यायचे आणि म्हणायचे, "द्या मावशी, ती काठी मी धरतो!" जो पाय आहे तोच काढून घेतात म्हणून तू चिडायचीस. बगलेत हात घालून उचलणारे, न विचारता ढकलणारे, लांबून कुबड्या बघून रिक्षा जोरात काढणारे, सगळे तू ओळखून होतीस. बाजूला जादा चाकं लावलेल्या तुझ्या स्कूटरला रस्त्यात थांबवून "किती छान!" म्हणणाऱ्यांवरसुद्धा तुझा भरवसा नसे. एवढ्या जगात तू रशीदभाईंवर विश्वास टाकलास. माझ्यावर नाही. हे मला जास्त लागलं, खरं सांगते.

आता माझंही गुडघ्यानं असं झालंय, की काठीशिवाय फाटकापर्यंत जाता येत नाही. परवा बँकेत जायचं होतं. क्रांती चौकाकडे जाणाऱ्या तीन रिक्षा माझी काठी बघून थांबल्या नाहीत. चौथा थांबला आणि म्हणाला, "लवकर चढा आजी." लवकर! मी घरी परत आले आणि तुझ्या पलंगावर बसून रडले. मग वेळ घालवायला तुझं कपाट पुन्हा आवरायला घेतलं.

पहिल्या वेळी मी बघितलाच नव्हता त्या वरच्या कप्प्यात, अगदी समोर, तुझा बसच्या सवलतीचा पास होता. याच वर्षी नवा करून घेतलेला. चाळीस वर्षं तू बसमध्ये बसली नव्हतीस, मग पास कुणासाठी? आणि पास ज्यात गुंडाळला होता तो रुमाल त्या डझनातला नव्हता. जुना, पिवळा पडलेला, कोपऱ्यात लाल धाग्यानं माझ्या नावाचं अक्षर. मी बघताक्षणी ओळखला.

तो रुमाल, ताई.

त्याबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. आज बोलते. माझं लग्न ठरलं होतं आणि पैठणच्या आत्याला आमंत्रण द्यायला आपण दोघी निघालो होतो. तेव्हा तू एका काठीवर चालायचीस. जिना चढायचीस, बसही चढायचीस, फक्त वेळ लागायचा. पैठणची बस लागली आणि ही गर्दी! सगळे करतात तेच मी केलं. तुला दाराच्या दांडीशी उभं केलं, म्हटलं, "तू ये हळूहळू." मी पळत गेले आणि बाहेरूनच खिडकीतून रुमाल सीटवर टाकला. जागा धरली! मग गर्दीतून आत घुसले, कारण एक पागोटेवाले बाबा रुमाल उचलून बाजूला ठेवत होते. मी त्यांच्याशी भांडले. रुमालावर जाऊन बसले. खिडकीची जागा, तुझी आवडती. इतका आनंद झाला मला!

मागून कंडक्टरनं विचारलं, "झालं का?"

आणि मी ओरडले, "झालं!"

जागा झाली होती गं. मी जागेचंच म्हणाले. घंटी वाजली. तुझा एक पाय पायरीवर होता आणि काठी खाली जमिनीवर.

पुढचं तुला माहीत आहे. मांडीचं हाड, प्लास्टर, आणि त्यानंतर एका काठीच्या जागी कायमच्या दोन कुबड्या. तू दवाखान्यात आणि माझा रुमाल त्या सीटवर बसून पैठणला! दुसऱ्या दिवशी तो कंडक्टर दवाखान्यात आला, रुमाल परत द्यायला. अण्णांनी त्याला काय काय ऐकवलं. "डोळे फुटले होते का तुमचे? विचारल्याशिवाय घंटी मारता?" तो मान खाली घालून उभा होता. "विचारलं होतं साहेब," एवढंच म्हणाला. अण्णांना ते खरं वाटलं नाही. मी खोलीत होते. तुझ्या उशाशी. मी काही बोलले नाही.

पुढे मी तुझ्याकडून शपथ घेतली, माझ्या डोक्यावर तुझा हात ठेवून. पुन्हा कधी बसमध्ये चढायचं नाही. सगळ्यांना वाटलं, विजूचा ताईवर किती जीव! होताच. पण मला ती बस पुन्हा बघायचीच नव्हती, हेही होतं.

तर तो रुमाल आणि तो पास मी आज सकाळी पर्समध्ये टाकले आणि शेजारच्या मुलीकडून रशीदभाईंना निरोप पाठवला. वाटलं होतं, येणार नाहीत. दहा मिनिटांत आले. फाटकापासून चार हात लांब रिक्षा लावली. मी दारात लावायची नाही म्हटलं होतं ना!

"रशीदभाई, शनिवारी ताईला जिथं न्यायचात तिथं मला न्या."

"कसम है, छोटी बाई."

"ताई गेली आता. कसम कुणासाठी पाळता?"

"बाई गये तो कसमभी गई क्या?" ते म्हणाले. मग थोडा विचार करून हसले, तुझ्यासमोर हसत असतील तसे. "लेकिन बोलना नक्को बोले थे. ले जाना नक्को, ऐसा नै बोले. बैठो."

मी बसले. पण भरवसा नव्हता. पर्स पोटाशी धरली होती. क्रांती चौक आला, गेला. मला वाटलं, आता कुठल्या तरी बोळात वळणार, एखाद्या पत्र्याच्या खोलीशी नेणार. मी दुकानांच्या पाट्या वाचत होते, रस्ता ध्यानात ठेवत होते. रशीदभाई आरशातून बघत होते. "डर लगता क्या?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "बाईकूभी पहले दिन लगता था. पूरा रस्ता मेरेकू गाली दिये."

रिक्षा थांबली ती बसस्थानकावर. पैठणच्या फलाटाशी.

मी काही विचारायच्या आत त्यांनी सीटखालून पाट काढला, बसच्या दाराखाली ठेवला, पायानं दाबून बघितला आणि कुबडीनं ठोकावा तसा हातानं दोनदा ठोकला. बसची पायरी आपल्या गुडघ्याएवढी, ती पाटामुळे निम्मी झाली. तेवढ्यात दारातून कंडक्टर मुलगी डोकावली. चंदा तिचं नाव, नंतर कळलं. तिनं पाट बघितला आणि तिचं तोंड फुललं.

"आल्या का बाई? लई दिवस झाले, म्या म्हणलं रुसल्या का काय!" मग तिनं मला बघितलं. "ह्या कोण? बाई कुठं हायेत?"

मला सांगावं लागलं, ताई. त्या फलाटावर, त्या अनोळखी पोरीला. ती पायरीवर तशीच बसली. तिकिटाचं यंत्र मांडीवर. "आरं देवा," म्हणाली. "आन् मला कुनी सांगितलं बी नाय."

तिला कोण सांगणार? मला कुठं माहीत होतं, की माझ्या बहिणीसाठी रडणारं माणूस पैठणच्या बसमध्ये आहे!

थोड्या वेळानं तिनं पदर सारखा करावा तसा खाकी शर्ट सारखा केला आणि उठली. "मावशी, बसताव का? पैठणला जाऊन येऊ."

मी नाही म्हणणार होते. तोंडात आलंही होतं. पण रशीदभाई पाटाशेजारी उभे होते, हात मागे बांधून. त्यांनी मला धरलं नाही. बगलेत हात घातला नाही. काठी मागितली नाही. नुसते उभे राहिले, मी पडले तर पकडता येईल एवढ्या अंतरावर. मी दांडी धरली, पाटावर पाय ठेवला आणि चढले. ताई, चढले! तुझ्याच सीटवर बसले. खिडकीशी.

बस भरली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. पण बस हलेना. चंदा घंटीच्या दोरीला हात लावून उभी, नजर माझ्याकडे. लोक ओरडायला लागले, "ओ ताई, मारा की घंटी!" एक जण तर म्हणाला, "झालं ना, बसल्या ना त्या!"

चंदा त्याच्यावर खेकसली, "तुम्ही म्हणल्यानं व्हतं व्हय?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "अगं, झालं, बसले मी."

"झालं-बिलं मी ऐकत नाय मावशी," ती म्हणाली. "तुमचं बी नाय. आमच्या बाईंनी सांगितलंय, आतून कुनी कितीबी 'झालं' म्हणून ओरडू दे, घंटी मारायची नाय. आधी मानूस बसंल, मग खिडकीतून रुमाल दिसंल. रुमाल दिसल्याबिगर घंटी नाय. काढा रुमाल."

ताई.

तू ऐकलं होतंस. दारात लटकलेली, एक पाय वर आणि एक खाली, तू माझा आवाज ऐकला होतास. अण्णा त्या कंडक्टरला बोलत होते तेव्हा तुला माहीत होतं. मी तुझ्या डोक्याशी बसून गप्प होते तेव्हाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेताना, माझ्या लग्नात, माझ्या वैधव्यानंतर मला घरी घेऊन आलीस तेव्हा, आणि त्यानंतर रोज सकाळी माझ्यासमोर चहा पिताना तुला माहीत होतं! आणि तू एकदाही म्हणाली नाहीस. "पिनेचं काही चुकलं नाही हं," एवढंही नाही.

माझ्याकडे दुसरा रुमाल नव्हता. पर्समधून तो पिवळा पडलेला काढला आणि हात खिडकीबाहेर काढून हलवला. खाली रशीदभाईंनी बघितलं, पाट उचलला आणि बसच्या पत्र्यावर थाप मारली. मग चंदानं घंटी मारली. टण टण.

पैठणपर्यंत मी खिडकीतून तोंड आत घेतलं नाही. वारा, धूळ, बिडकीनच्या पुढची मोसंबीची झाडं. आता कळलं, तुझ्या केसांत काय असायचं ते.

चंदा येता-जाता सांगत होती. तुम्ही लोकांनी काय कारस्थान केलं होतं! पहिल्या शनिवारी रशीदभाईंनीही सगळ्यांसारखा खिडकीतून रुमाल टाकला, तर तू फलाटावर त्यांना झाडलंस म्हणे, "आधी मी, मग रुमाल!" मग हा नियम झाला. वाळूजच्या कारखान्यात अपघातात पाय गेलेले काळे, बिडकीनजवळच्या वस्तीवरच्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या गंगूबाई, पैठणला मागावर बसून कंबर गेलेली शकुंतला, यांना तू एकेक रुमाल दिलास. या रस्त्यावर निळ्या काठाचा रुमाल दिसला की कंडक्टर थांबतात. "बाकीचे बी शिकलेत आता," चंदा म्हणाली, "नवीन आला की आम्हीच सांगतो त्याला."

मी तिला विचारलं, "माझ्यापासून का लपवलं गं तिनं?"

ती लाजली. "सांगू का? बाई म्हणायच्या, विजू आली तं दोन्ही हातानं धरून ठेवंल. धरलं की मला चढता येत नाय."

खरं आहे ते. पण तरी सांगायला हवं होतंस! मी फलाटावर उभी राहिले असते. हात मागे बांधून. शिकले असते मी.

परत आल्यावर रशीदभाई तिथंच होते. मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "छोटी बाई, बाईकू हमेशा लगता था, तुम एक दिन पूछेंगे. दो साल रस्ता देखे." घराशी आल्यावर मी म्हटलं, "रशीदभाई, रिक्षा दारात लावा." त्यांनी मागे घेत घेत ती अगदी ओट्याला लावली, चाचा लावायचे तशी.

आता मला तुझाच संशय येतोय, ताई. तो पास आणि तो रुमाल कप्प्यात अगदी समोर ठेवले होतेस, मला सापडावेत म्हणूनच ना? तुझं कपाट मीच आवरणार, हे तुला माहीत होतं. बाकी सगळं नीट घडी घालून मागे आणि हे एवढंच पुढे. माझ्याकडून वदवून घ्यायला तू जाईपर्यंत थांबलीस? की मी आपण होऊन बोलेन म्हणून थांबली होतीस, आणि मी कधी बोललेच नाही?

मी तुला वचन देते. येत्या शनिवारपासून दर शनिवारी मी पैठणच्या बसनं जाणार, पाटावरून चढणार. आणि त्या जुन्या कंडक्टरचा पत्ता चंदाकडून काढणार. ते असतील की नाही, माहीत नाही. असले तर त्यांना सांगेन की त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर मी दिलं होतं. नसले तर त्यांच्या घरी कुणी असेल त्यांना सांगेन. ती फळीची बस कधी समोर आली की तिच्यातही बसेन, पण फळी आधी काठीनं ठोकून बघेन.

तुझ्या वस्तूंची व्यवस्था अशी लावते आहे. हा कागद तुझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवणार आहे, म्हणजे मीही गेले तर घोळ नको.

स्कूटर काळ्यांना. देण्याआधी रशीदभाईंनी ब्रेक आणि बाजूची चाकं तपासायची.

कुबड्या गंगूबाईंना. त्या बुटक्या आहेत, चंदा म्हणते. तेव्हा खालून कापायच्या आणि रबर पुन्हा घालायचं, विसरायचं नाही.

कॅलिपर कुणालाही द्यायचा नाही. तो तुझ्याच पायाचा आहे. ओट्यावरच्या कोनाड्यात राहू दे.

सात रुमालांपैकी सहा चंदाकडे. ज्यांना लागतील त्यांना ती देईल, तिला माणसं कळतात. सातवा तिला स्वतःला, डोळे पुसायला. रशीदभाईंकडचा त्यांचाच आहे, त्यावरून त्यांना कुणी काही विचारायचं नाही. चार कुठं गेले ते कळलं. पाचवा अजून सापडलेला नाही आणि तो कुणाला दिलास हे मी शोधून काढणारच आहे.

पाट रिक्षातच राहील. घरच्या कुणीही तो परत मागायचा नाही.

पिवळा पडलेला रुमाल मला. मी गेल्यावर तो माझ्याबरोबर द्यायचा, सीटवर टाकायला नाही, हातात. आणि माझ्या हातात तो रुमाल दिसल्याशिवाय कुणी "झालं" म्हणायचं नाही.

तुझी,
विजू